कुंदा आणि मेत्ताड : काळ्या रानातील दोन नावे

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्याच्या परिसरात जी काळी, भारी जमीन आढळते, तशा जमिनीचा इतिहास महसुली दप्तरांतून बराचसा कळतो. परंतु त्या जमिनीत शेतकऱ्याकडे वाटा मागणाऱ्या जीवांचा इतिहास पुष्कळदा त्यांच्या नावांतच शोधावा लागतो. कुंदा हे रानगवत आणि मऊ केसांचा लहान शेतउंदीर हे असे दोन जीव होत.

कुंद्याची मुळे व भूमिगत खोडे खोलवर जातात. अवर्षणात पाने करपली तरी गवत मरत नाही. उंदीर उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांच्या आश्रयाने राहतो; मुसळधार पावसात तो मोठ्या संख्येने नाश पावतो आणि पावसाने ओढ दिली की वाढतो. अवर्षण कुंदा सोसतो; उंदराला ते फळते.

याची एक जुनी नोंद अशाच काळ्या जमिनीच्या धारवाडकडील मुलखातील आहे. तेथील अधिकारी वॉल्टर एलियट याने १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या सस्तन प्राण्यांच्या यादीत १८२६ च्या अपुऱ्या पावसानंतरचा उंदरांचा उपद्रव वर्णिला आहे. पेरलेले बी उंदरांनी खाल्ले. पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे तोडली. रयतेने वडारांना धान्य देऊन हजारो उंदीर मारविले, तरी संख्या घटल्याचे दिसेना.

वडारांचे या उंदरासाठी असलेले नाव एलियटने ‘मेत्ताड’ असे टिपले. ग्रे याने १८३७ साली जातिनाम दिले ते मात्र ‘मेल्टाडा’. एक अक्षर चुकीचे वाचले गेले असावे. ब्लॅनफर्डने पुढे ‘मेत्तादा’ हे रूप वापरले, तथापि अग्रक्रमाच्या नियमाने पहिलेच रूप टिकले. १९११ साली टॉमसने मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळातील मिलार्ड यांच्या नावावरून ‘मिलार्डिया’ हे प्रजातिनाम योजिले. कुंद्याच्या ‘इस्किमम पायलोसम’ या शास्त्रीय नावात मात्र लोकभाषेचा मागमूस नाही. ‘पायलोसम’ म्हणजे केवळ ‘केसाळ’.

व्यवहारातील मराठीत याच्या उलट स्थिती दिसते. कुंदा खणून काढण्याचे कष्ट शेतकऱ्याचे, म्हणून त्या गवताला स्वतंत्र नाव आहे. हा उंदीर मात्र ‘उंदीर’ या सामान्य नावातच सामावतो. त्याला वेगळे ओळखले ते बिळे खणून त्याला धरणाऱ्या वडारांनी. ज्याचा हात ज्या वस्तूवर राबतो, त्याची भाषा त्या वस्तूचे भेद जाणते. एलियटला ते नाव सांगणाऱ्याचे स्वतःचे नाव शास्त्रीय परंपरेने जपले नाही. त्याचा शब्द तेवढा, अशुद्ध रूपात का होईना, जगभरच्या प्राणिशास्त्रात उरला आहे. कृषीच्या इतिहासात बोलींची शब्दसंपत्ती हे प्रमाण साधन मानावे लागते, ते याच कारणाने.