फितूर : बाजू घेऊन बोलणारा शब्द

हिंदी चित्रपटातील नायकाच्या डोक्यात ‘फितूर’ शिरते, तेव्हा तो प्रेमाने वेडा झालेला असतो. मराठी वृत्तपत्रातील साक्षीदार ‘फितूर’ होतो, तेव्हा खटला कोसळण्याच्या बेतात असतो. शब्द एकच, मग हिंदीत तो वेड आणि मराठीत दगाबाजी कसा झाला? आजचा धागा या शब्दाविषयी.

मूळ अरबी ‘फुतूर’. अर्थ अगदी निरुपद्रवी : शैथिल्य, मंदपणा, ढिलेपणा. फारसीमार्गे तो हिंदुस्थानात आला आणि उर्दूत ‘दोष, बिघाड, खोडी’ या अर्थाने स्थिरावला. डोक्यात बिघाड झाला की वेड, नियतीत झाला की बेइमानी. हिंदीने पहिली वाट धरली, मराठीने दुसरी. फितणे, फितवणे, फितवा, फितुरी असा मोठा परिवार मराठीत रूढ झाला, कारण इथल्या राजकारणाला या शब्दाची रोजच गरज पडत होती.

ती का पडत होती? सतराव्या शतकातील देशमुखाचा जीव वतनात असे. निजामशाही १६३६ मध्ये बुडाली, तिच्या मुलखावर आदिलशाही आणि मोगल आले. राजवट बदलली तरी वतन राहिले पाहिजे, हीच चिंता. नवा धनी आला की त्याच्याकडून जुन्या हक्काची सनद करून घ्यायची, हा व्यवहार होता. त्याला कोणी पाप मानीत नसे.

शिवाजी महाराजांनी नेमका हा व्यवहार अडचणीत आणला. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा मावळातील देशमुखांना खानास सामील होण्याची आदिलशाही फर्माने सुटली. कान्होजी जेधे यांनाही असे फर्मान आले. ते पुत्रांसह महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले. उत्रवळीचा खंडोजी खोपडे मात्र खानाला मिळाला. प्रतापगडानंतर खंडोजी हाती लागला, तेव्हा महाराजांनी त्याचा एक हात व एक पाय तोडला. कान्होजींनी रदबदली केली म्हणून त्याचे प्राण वाचले, असे जेधे घराण्याची कागदपत्रे सांगतात.

आता हाच प्रसंग विजापूरहून पाहा. फर्मान कोणी मोडले? कान्होजींनी. ते पाळले कोणी? खंडोजीने. आदिलशाही दरबाराच्या दृष्टीने फितूर कोण, हे वेगळे सांगायला नको. (वरच्या परिच्छेदात कान्होजी ‘ते’ आहेत आणि खंडोजी ‘तो’. निकाल व्याकरणानेच देऊन टाकला आहे!)

म्हणून दोघे सारखे ठरतात काय? मला तसे वाटत नाही. एकाने असलेले वतन पणाला लावले, दुसऱ्याने बलाढ्य पक्षाकडे पाहून पाऊल टाकले. परंतु हा फरक ‘फितूर’ या शब्दात नाही; तो घटनेत शिरूनच शोधावा लागतो. शब्द सांगतो ते एवढेच, की हा मनुष्य आमच्याकडून तिकडे गेला. तिकडून आमच्याकडे आला, तर त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळे शब्द तयार असतात : सामील झाला, रुजू झाला, कौल घेऊन आला. नेताजी पालकर १६६६ मध्ये आदिलशाहीकडे व तेथून मोगलांकडे गेले, मुहम्मद कुलीखान झाले आणि १६७६ मध्ये परतले. परत आल्यामुळे फितुरांच्या यादीत त्यांचे नाव सहसा कोणी घालत नाही.

औरंगजेबाच्या अखेरच्या मोहिमांत तर गुंता आणखी वाढतो. १७०२ मध्ये विशाळगड आणि १७०३ मध्ये सिंहगड मोगलांना मिळाला तो मराठ्यांना भरपूर पैसे मोजून. थोड्याच वर्षांत मराठ्यांनी हे गड परत घेतले. गड विकणे ही फितुरी खरी. पण पैसे घेऊन गड द्यायचा आणि बादशहाची पाठ वळताच तो परत घ्यायचा, याला आपण कौतुकाने डावपेच म्हणतो.

या शब्दाचा सर्वांत विलक्षण प्रवास मात्र पूर्वेकडे, गोदावरीच्या उत्तरेस गुडेम-रंपाच्या डोंगरांत झाला. ताडीवरील करासह अनेक जुलमांविरुद्ध १८७९ मध्ये तेथील डोंगरी लोक उठले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या दप्तरात अशा उठावांना नाव पडले ‘फितुरी’. १९२२ ते १९२४ या काळात अल्लुरी सीताराम राजू यांनी याच टापूत लढा दिला आणि त्यालाही ‘रंपा फितुरी’ म्हटले गेले. हे लोक कोणाला सोडून कोणाकडे गेले होते? कोणाकडेच नाही. ते आपल्या जंगलातच उभे होते. पण दप्तर सरकारचे होते आणि लेखणीही.

राहता राहिला न्यायालयातील फितूर साक्षीदार. इंग्रजीतून आलेल्या कल्पनेसाठी मराठीने जुना शब्द वापरला, आणि तो चपखल बसला. गंमत अशी, की १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १५४ मध्ये साक्षीदाराला असे कोणतेही विशेषण नव्हते. ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला, त्यालाच त्याची उलटतपासणीसारखी तपासणी करू देण्याची मुभा न्यायालयास होती, इतकेच. विरुद्ध पक्षाच्या वकिलाला हा साक्षीदार फितूर वाटत नसतो. त्याच्या लेखी तो अखेर खरे बोलू लागलेला असतो.