वॉरिंग्टनचे काचपात्र : मत्स्यालयातील समतोलाच्या कल्पनेचा इतिहास

मार्च १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) या रसायनज्ञाचा एक लहानसा निबंध वाचण्यात आला. प्राणिसृष्टी आणि वनस्पतिसृष्टी यांचे परस्परसंबंध अशा रीतीने जुळविता येतात की, दोहोंचे जीवनव्यापार अखंड चालू राहावेत, असा त्याच्या लांबलचक शीर्षकाचा आशय होता. वॉरिंग्टन हा सोसायटी ऑफ अ‍ॅपोथेकरीज या औषधविक्रेत्यांच्या जुन्या संस्थेत रसायनज्ञाच्या पदावर होता, आणि १८४१ साली स्थापन झालेल्या केमिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकीही तो एक होता. इतक्या भारदस्त शीर्षकाखाली त्याने जे सांगितले त्याचा विषय मात्र दोन सोनमासे, पाणवनस्पतीचे एक रोप आणि पाचसहा गोगलगायी एवढाच होता. घरगुती मत्स्यालयाचा इतिहास या निबंधापासून सुरू करण्याची प्रथा आहे आणि ती रास्तच आहे. परंतु या निबंधाने रूढ केलेली उपपत्ती पुढे जवळजवळ शंभर वर्षे मत्स्यपालकांनी प्रमाण मानली, आणि ती अपुरी होती. उपपत्ती अपुरी असूनही प्रयोग यशस्वी झाला, हीच या प्रकरणातील खरी विचारार्ह गोष्ट होय.

उपपत्तीचे मूळ अठराव्या शतकातील वायुविषयक रसायनशास्त्रात आहे. मेणबत्ती जळून बिघडलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली असता ती हवा काही दिवसांनी पुन्हा ज्वलनक्षम होते, हे जोसेफ प्रीस्टले याने १७७१ साली पाहिले. आठ वर्षांनी यान इंगेनहाउस याने त्यात महत्त्वाची भर घातली. पाण्यात बुडविलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे धरतात, अंधारात धरत नाहीत. म्हणजे हवा शुद्ध करण्याचे कार्य वनस्पतीचे हिरवे भाग आणि तेही प्रकाशातच करतात, असे त्याने दाखविले. अंधारात वनस्पतीही प्राण्याप्रमाणेच हवा दूषित करते, हा त्याच्या निष्कर्षाचा उत्तरार्ध. हा उत्तरार्ध पुढच्या पिढ्यांनी सोयीस्करपणे मागे टाकला असे म्हणावे लागते.

या ज्ञानाला काचेची जोड मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या पूर्व भागातील नॅथॅनिएल वॉर्ड या वैद्याने १८२९ साली एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. कोशापेक्षा त्या मातीत आपोआप उगवलेले नेचे आणि गवत यांनीच त्याचे लक्ष वेधले, कारण धुराने काळवंडलेल्या त्याच्या बागेत नेचे जगत नसत. त्यातून निघालेल्या काचपेट्यांवरील त्याचा ग्रंथ १८४२ साली प्रसिद्ध झाला. (पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या उतारावरील मळ्यांसाठी आणली ती याच पेट्यांतून, तेव्हा या बाटलीचा धागा हिंदुस्थानपर्यंत पोहोचतो.) १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरील अबकारी कर उठला आणि काचपात्रे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पाण्यातील जीव काचपात्रात राखण्याचे प्रयत्न वॉरिंग्टनच्या आधीही झाले होते. सिसिलीत झान व्हिलप्र-पॉवर हिने १८३० नंतरच्या काळात कवचधारी अष्टपाद प्राण्यांच्या अभ्यासासाठी काचेची जलपात्रे वापरली होती. लंडनमध्ये अ‍ॅना थिन हिने १८४६ साली टॉर्की येथून आणलेले प्रवाळ, समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून हवेशीर राखीत, जिवंत ठेवले होते. मात्र या व्यवस्थेचे सामान्य तत्त्व सांगण्याचा प्रयत्न वॉरिंग्टनने केला.

त्याच्या प्रयोगाचे साहित्य नीट पाहण्याजोगे आहे. सुमारे बारा गॅलन, म्हणजे जवळपास ५५ लिटर, मावतील असे एक मोठे काचपात्र त्याने घेतले आणि ते झऱ्याच्या पाण्याने अर्धे भरले. तळाशी वाळू व चिखल घातला. वर डर्बीशायरमधील मॅटलॉकजवळचे सच्छिद्र चुनखडीचे आणि वालुकाश्माचे सुटे दगड मांडले, माशांना हवे तेव्हा त्याखाली शिरता यावे अशा बेताने. व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस या लांब फितीसारख्या पानांच्या पाणवनस्पतीचे एक लहान रोप चिखलात रोवून दगडाने दाबून ठेवले. पात्राच्या तोंडावर तांब्याच्या तारेच्या कड्यावर ताणलेली पातळ मलमल होती. लंडनची काजळी आत पडू नये पण हवेची ये-जा मोकळी राहावी, हा तिचा उद्देश. आत दोन लहान सोनमासे सोडले.

आरंभी सर्व ठीक चालले. पुढे व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, पात्राच्या कडांवर हिरवट बुळबुळीत थर धरला. येथे वॉरिंग्टनने तळ्यातील पाचसहा गोगलगायी पात्रात सोडल्या, आणि त्यांनी कुजलेली पाने व तो थर खाऊन अल्पावधीतच पाणी निवळले. शिवाय त्यांनी घातलेली अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. अशा रीतीने हिशेब पूर्ण झाला : मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती तो घेऊन प्राणवायू परत देते, माशाचे मलमूत्र वनस्पतीला खत होते, वनस्पतीचा कुजका भाग गोगलगाय संपविते, तिची अंडी माशाला मिळतात. रसायनज्ञाच्या दृष्टीने हे एक समीकरण होते आणि त्याच्या दोन्ही बाजू जुळत होत्या.

या समीकरणाचे आकर्षण केवळ शास्त्रीय नव्हते. सृष्टीतील प्रत्येक जीव दुसऱ्याच्या उपयोगासाठी योजलेला आहे, या तत्कालीन धर्मश्रद्धेला ते दिवाणखान्यातील टेबलावर ठेवता येण्याजोगे प्रमाण वाटले. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचा ‘द अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ निघाला आणि त्याबरोबर हा शब्दही रूढ झाला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. १८५६ साली शर्ली हिबर्ड याने सुसंस्कृत घराच्या सजावटीवरील आपल्या पुस्तकात मत्स्यालयाला स्थान दिले. पाणी कधीही बदलावे न लागणारे पात्र, हे या ग्रंथांतून वाचकापुढे ठेवलेले चित्र होते.

प्रत्यक्षात अनेक पात्रांतील मासे मरत होते. हौशी मालक एकाच पात्रात हवे तितके प्राणी कोंबीत आणि समतोल साधेल म्हणून वाट पाहत. दशकभरात ही लाट ओसरली, जे. जी. वुड या लोकप्रिय निसर्गलेखकाने १८६८ सालच्या आपल्या पुस्तकात तिची नोंद भूतकाळातील गोष्ट म्हणून केली. तोपर्यंत डेव्हनच्या किनाऱ्याचे नुकसान होऊन चुकले होते. गॉसचे ग्रंथ वाचून आलेल्या संग्राहकांनी खडकांतील डबकी कशी उजाड केली, याचे खिन्न वर्णन त्याचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ साली लिहून ठेवले आहे. काचेच्या आत समतोल साधण्यासाठी काचेबाहेरच्या समतोलाचा बळी दिला गेला, ही बाब या विषयावरील बऱ्याच लेखनात निसटून जाते.

ज्यांचा चरितार्थच माशांवर होता त्यांना ही अडचण अधिक लवकर उमगली. लंडनचा मत्स्यालय-व्यापारी विल्यम अल्फर्ड लॉइड याने १८७१ साली क्रिस्टल पॅलेस येथे उभारलेल्या मत्स्यालयात प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांखाली एक प्रचंड अंधारा हौद बांधला होता, आणि पाणी सतत त्या हौदातून टाक्यांत व टाक्यांतून हौदात फिरत असे. वनस्पती नसलेला, प्रकाश नसलेला हौद पाणी शुद्ध करतो, हे वॉरिंग्टनच्या समीकरणात बसणारे नव्हते. त्या हौदात काय घडते याचे पूर्ण उत्तर लॉइडपाशीही नव्हते. अनुभव त्याच्यापाशी होता.

उत्तर आले ते मत्स्यालयातून नव्हे, शेतातून व गटारातून. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग व म्युंट्झ यांनी वाळू आणि खडू यांच्या स्तंभातून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काही घडले नाही. त्यानंतर खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागले. स्तंभात क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हा फरक थांबला, आणि बागेतील मातीचे धुवण घातल्यावर पुन्हा सुरू झाला. म्हणजे हे कार्य जिवंत सूक्ष्मजंतूंचे होते. या शोधाची तपासणी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात ज्याने हाती घेतली त्याचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टन हेच होते. हा (१८३८–१९०७) त्या काचपात्राच्या कर्त्याचा मुलगा. १८७८ पासून १८९१ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या चार निबंधांत त्याने नायट्रीकरणाचे जैविक स्वरूप पक्के केले आणि ते दोन टप्प्यांत होते हे दाखविले : काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, निराळे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हा व्यापार अंधारात चांगला चालतो, प्रकाशात अडतो, असेही त्याला आढळले. जंतू वेगळे काढण्यात मात्र त्याला यश आले नाही; ते श्रेय १८९० साली सेर्गेई व्हिनोग्राड्स्की याला मिळाले.

पित्याच्या समीकरणात कार्बन व प्राणवायू यांचा हिशेब होता. नत्राची बाजू ‘मलमूत्राचे खत होते’ एवढ्या एका वाक्यात उरकली होती, आणि नेमकी तीच बाजू पुत्राने आयुष्यभर धुंडाळली. मात्र पित्याला दोष देणे अन्यायाचे होईल. अत्यल्प अमोनिया ओळखणारे नेस्लरचे द्रावण १८५६ साली निघाले. मासा आपला नत्रयुक्त टाकाऊ भाग मुख्यत्वे अमोनियाच्या रूपाने आणि तोही कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, हे होमर स्मिथ याने १९२९ साली दाखविले. १८५० साली ज्या विषाची मोजदादच होत नव्हती, त्याचा निचरा कोण करतो हा प्रश्न उपस्थित होणे शक्य नव्हते.

या दृष्टीने साहित्याची यादी पुन्हा वाचली म्हणजे तिच्यातील किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंना अर्थ येतो. चिखल आणि वाळू ही केवळ रोप रोवण्याची जागा नव्हती. नायट्रीकरण करणाऱ्या जंतूंचे ते वसतिस्थान होते. चुनखडीचा दगड शोभेपुरता नव्हता. नायट्रीकरणात निर्माण होणारे आम्ल तो शमवीत असला पाहिजे, आणि श्लोझिंग व म्युंट्झ यांनी खडू घातला होता तो याच गुणासाठी. मलमल हवेला मोकळी वाट देत होती, म्हणून रात्री रोप स्वतःच प्राणवायू घेऊ लागले तरी पाण्याच्या रुंद पृष्ठभागातून त्याची भरपाई होत होती. पात्र बंद नव्हतेच. शिवाय मासे अवघे दोन, आणि पाणी पुष्कळ. प्रयोग यशस्वी करणाऱ्या वस्तू यादीत होत्या, उपपत्तीत नव्हत्या. वाचकांनी उपपत्ती उचलली आणि यादी विसरली.

विसाव्या शतकात हौसेचे स्वरूप पालटले. विजेच्या उष्णतेमुळे उष्ण कटिबंधातील लहान मासे थंड देशांतही घरोघरी राहू लागले, आणि एकमेकांना न दुखविता नांदणाऱ्या निरनिराळ्या जातींचा संमिश्र हौद हा आदर्श झाला. त्यांतील पट्टेरी डॅनियो ऊर्फ झेब्रा मासा फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात प्रथम वर्णिलेला. लाल रेघेचा डेनिसनचा मासा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील ओढ्यांतला, फ्रान्सिस डे याने १८६५ साली वर्णिलेला. २०१३ साली या माशाच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असे नाव देण्यात आले. मत्स्यालयांसाठी होणाऱ्या पकडीमुळे त्याची संख्या धोक्यात आली आहे, आणि डेव्हनच्या डबक्यांची आठवण येथे साहजिक होते. या बहुजातीय हौदांत माशांची दाटी वाढल्यावर जुने समीकरण टिकणे अशक्य झाले. १९४९ साली न्यूयॉर्कच्या जेम्स अ‍ॅट्झ याने ‘समतोल मत्स्यालय’ ही एक दंतकथा असल्याचे प्रतिपादन केले : वायूंची देवघेव प्रामुख्याने पृष्ठभागातून होते, वनस्पतींमुळे नव्हे. पुढे गाळणी ही केवळ गाळ अडविण्याची नव्हे तर जंतू पोसण्याची जागा आहे, हे सर्वमान्य झाले आणि वनस्पती शोभेच्या पंक्तीत जाऊन बसली.

हा निवाडाही एकांगी ठरला. डायाना वॉल्स्टॅड हिने १९९९ साली वनस्पतियुक्त मत्स्यालयावरील ग्रंथात असे दाखवून दिले की, अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम अधिक पसंत करतात आणि ते थेट शोषून घेतात. तळाशी साधी माती घातलेल्या, दाट लागवडीच्या हौदात त्या जंतूंशी स्पर्धाच करतात. वॉरिंग्टनचे ते एका वाक्यातील ‘खत’ अशा रीतीने दीडशे वर्षांनी ग्रंथात परत आले, आणि त्याचा चिखलही. पुत्राच्या दोन टप्प्यांनाही दुरुस्ती सोसावी लागली. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात नायट्राइटचे नायट्रेट करणारे जंतू पाठ्यपुस्तकांतील नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायराच्या कुळातील आहेत, असे १९९८ साली आढळले. २०१५ साली दोन स्वतंत्र संशोधकगटांनी अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा संपूर्ण प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा जंतू वर्णिले. त्यांपैकी एका गटाला ते मिळाले ते मत्स्यसंवर्धनाच्या टाक्यांना जोडलेल्या एका गाळणीत.