चंद्राच्या उंबरठ्यावरील दुरुस्ती

सन १९७१, फेब्रुवारीची ५ तारीख. ‘अपोलो १४’चें ‘अँटारीस’ यान चंद्रावर उतरण्याच्या बेतांत असतां माघारीचें बटण न दाबतांच खोटा इशारा देऊं लागलें. इंजिन पेटल्यावर गणकयंत्रानें तो खरा मानला असता, तर यान न उतरतांच माघारीं वळलें असतें.

यंत्राची कायम स्मृति तारांनीं विणलेली. तींत फेरफार अशक्य. पालटण्याजोगी स्मृति अवघी २,०४८ शब्दांची. पृथ्वीवर बसून आज्ञावलीकार डॉन आइल्स यांनीं तींतच तोड काढली: माघार आधींच चालू आहे, अशी नोंद करावी, म्हणजे यंत्र बटणाकडे पाहणार नाहीं. एडगर मिचेल यांनीं कळफलकावरील ‘क्रियापद’ व ‘नाम’ या कळांसह आंकडे दाबून स्मृति पालटली. अ‍ॅलन शेपर्ड यांच्यासह ते त्याच दिवशीं चंद्रावर उतरले. विणलेलें बदलेना, पण लिहिलेलें बदलतां आलें, म्हणून मोहीम तरली.