स्कान्सेन : उठवून आणलेल्या घरांचें गांव

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ही बेटांवर वसलेली नगरी आहे. त्यांपैकीं युर्गोर्डन नांवाच्या बेटावर एक टेकडी असून एके काळीं तीवर लहानशी तटबंदी होती. तीवरून टेकडीला स्कान्सेन, म्हणजे छोटी गढी, असें नांव पडलें. तटबंदी केव्हांच गेली. नांव राहिलें, आणि त्या नांवाखालीं आज सुमारें ७५ एकरांच्या आवारांत १५० च्या आसपास जुनीं घरें, कोठारें, गोठे, पवनचक्क्या, कारागिरांच्या कामशाळा आणि एक लांकडी चर्च अशी वस्ती उभी आहे. वस्ती म्हटली खरी, पण त्या घरांना एकमेकांची मूळची ओळख नाहीं. कोणी उत्तरेच्या अरण्यांतून आलें आहे, कोणी दक्षिणेच्या सपाट शेतांतून, तर कोणी खुद्द राजधानीच्या मोडकळीस आलेल्या गल्लींतून. जीं घरें दूरवरून आलीं, तीं मूळ जागीं तुळई-तुळई करून उतरविण्यांत आलीं, लांकडांवर खुणा घालण्यांत आल्या, आणि येथें आणून त्याच क्रमानें तीं पुन्हां रचण्यांत आलीं.

प्रेक्षकानें प्रथम पाहावें तें मोरा येथील शेतकऱ्याचें घर. मोरा हें डालार्ना प्रांतांतील गांव. ओंडक्यांच्या काळवंडलेल्या भिंती, कोपऱ्यांत उघडी चूल, भिंतीला धरून बसविलेले बांक, एक लांबलचक मेज आणि भिंतींतच बेतलेल्या झोंपण्याच्या जागा, एवढाच त्याचा संसार. निजणें, रांधणें, सूत कातणें, अवजारें दुरुस्त करणें आणि आजाऱ्याची शुश्रूषा हीं सारीं कामें एकाच खोलींत होत. आपल्या जुन्या घरांत ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली अशी जी वाटणी असते, तिचा येथें पत्ता नाहीं. सहा-सहा महिने हिंवाळा असलेल्या देशांत एका चुलीची ऊब सर्वांनीं वाटून घ्यावयाची, हा त्या घराचा पाया आहे. प्रांताच्या जुन्या पोषाखांतील एखादी बाई चुलीपाशीं विणीत बसलेली दिसते, आणि विचारल्यास उत्तरही देते. ही प्रथाही टेकडीवरील घरांइतकीच जुनी आहे.

हें घर १८८५ सालीं विकत घेतलें गेलें, आणि १८९१ च्या ११ ऑक्टोबरला स्कान्सेनचे दरवाजे लोकांना उघडले तेव्हां तें येथें उभें होतें. तें घेणारा आर्तुर हाझेलियस हा मनुष्य मूळचा ना शेतकरी, ना शिल्पज्ञ. सैन्यांतील एका अधिकाऱ्याचा हा मुलगा, १८३३ सालीं स्टॉकहोममध्येंच जन्मला, उप्साला येथें शिकून १८६० त पंडित झाला आणि स्वीडिश भाषा शिकवूं लागला. त्याची पहिली चळवळ होती ती शुद्धलेखनाची. १८६९ सालीं उत्तरेकडील देशांच्या विद्वानांची जी शुद्धलेखन-परिषद स्टॉकहोमला भरली, तींत त्याचा पुढाकार होता. अनुस्वारांवरून झालेल्या लढाया ज्यांना ठाऊक आहेत, त्या मराठी वाचकांस या मनुष्याच्या चिकाटीची कल्पना सहज यावी!

१८७२ च्या उन्हाळ्यांत हाझेलियस डालार्नाच्या प्रवासास गेला. गांवोगांवचा पोषाख वेगळा, असें त्यानें पुस्तकांतून वाचलें होतें. प्रत्यक्षांत त्याला तो पोषाख पेट्यांच्या तळाशीं जाऊं लागलेला दिसला. अंगावर आलें होतें तें कारखान्याचें कापड. त्यानें स्टोरा टूना गांवचा एक लोंकरी घागरा विकत घेतला. पुढें लक्षावधि वस्तूंच्या झालेल्या संग्रहांतील ही पहिली वस्तु. पुढच्याच वर्षीं, १८७३ च्या ऑक्टोबरांत, त्यानें राजधानींतील एका भाड्याच्या जागेंत आपलें प्रदर्शन मांडलें. १८७४ त मुलाच्या जन्मानंतर त्याची पत्नी वारली. नंतरचें आयुष्य त्यानें या एकाच कामाला वाहिलें. दारोदार वर्गणी मागितली, कर्ज काढलें, आणि १८८० सालीं सारा संग्रह स्वीडिश जनतेच्या नांवें करून दिला. तेंच आजचें नॉर्डिक संग्रहालय.

एवढी घाई कशाची होती? एकोणिसाव्या शतकांत स्वीडनचें खेडें तीन बाजूंनीं उसवत होतें. १८२७ च्या कायद्यानें शेतांच्या विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून प्रत्येकाला सलग जमीन देण्याचें धोरण ठरलें. शेतीच्या दृष्टीनें तें फायद्याचें झालें. परंतु एकाला एक लागून असलेलीं गांवांतील घरें त्यामुळें मोडून दूरदूरच्या शेतांवर न्यावीं लागलीं. शेजार तुटला. मग आगगाडी आली, लांकूड कापण्याच्या गिरण्या आल्या, शहरचा माल आला. आणि १८६७ ते १८६९ च्या दुष्काळानंतर अमेरिकेचा ओघ सुरू झाला तो थांबेना. १८५० ते १९३० या काळांत सुमारें १२ लाख माणसें स्वीडन सोडून गेलीं, आणि १९०० सालीं त्या देशाची सारी लोकसंख्या होती ५१ लाखांच्या आसपास. मागें राहिलेल्या घरांतून म्हातारीं माणसें उरलीं, आणि तीं गेलीं कीं घराचें जळण होत असे.

हाझेलियसनें प्रथम घरें गोळा केलीं नाहींत. त्यानें घरांतले प्रसंग उभे केले. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्यानें पोषाख घातलेल्या पुतळ्यांचे देखावे मांडले. त्यांतला एक आमालिया लिंडेग्रेन या चित्रकर्त्रीच्या चित्रावरून घेतलेला होता: तान्हें मूल गेलेलें आहे आणि घरचीं माणसें त्याच्याभोंवतीं जमलीं आहेत. प्रेक्षक गलबलून गेले. परंतु हे देखावे पाहावयाचे ते एका बाजूनें, नाटक पाहावें तसे. त्याच प्रदर्शनांत डच लोकांनीं हिंडेलोपेन गांवची एक खोली मांडली होती, आणि तींत माणसाला आंत पाऊल टाकून हिंडतां येत होतें. डेन्मार्कच्या बेर्नहार्ड ऊल्सेननें ती खोली पाहिली आणि हाच मार्ग खरा असें ठरविलें. १८९७ सालीं त्यानें कोपनहेगनमध्यें आपलें उघड्यावरचें संग्रहालय सुरू केलें व १९०१ त तें शहराबाहेर लिंग्बी येथें नेलें.

नॉर्वेंत तर याआधींच, १८८१ सालीं, स्वीडन आणि नॉर्वे या दोन्ही देशांचा राजा दुसरा ऑस्कर यानें आजच्या ऑस्लोजवळ बिग्डोय येथील आपल्या जागेवर जुन्या इमारती आणविण्यास आरंभ केला होता. गोल गांवचें मध्ययुगीन लांकडी चर्च त्यामुळेंच वांचलें. तेव्हां स्कान्सेन हें अगदीं पहिलें, असें म्हणणें बरोबर नाहीं. हाझेलियसचें वैशिष्ट्य असें कीं, त्यानें घराबरोबर घराचा वावरही आणला: अंगणांत गुरें, चुलींत विस्तव, सणावारीं नाच आणि वाजंत्री. ६ जून हा दिवस राष्ट्रोत्सव म्हणून पाळण्याची प्रथा स्कान्सेनवर १८९३ त पडली, आणि पुढें तोच स्वीडनचा राष्ट्रदिन झाला. एखाद्या संग्रहालयानें देशाला सण द्यावा, असें उदाहरण विरळाच.

घर उचलून नेणें ही गोष्ट आपल्याकडे मुलखावेगळी वाटते. दगडी जोत्याचा चिरेबंदी वाडा कोण कोठें नेणार? उत्तरेकडील घरांचें तसें नाहीं. तेथें सोलून तासलेले ओंडके आडवे एकावर एक रचतात. कोपऱ्यांत खांचा पाडून ते एकमेकांत अडकवितात, आणि फटींत शेवाळें ठांसून भरतात. छपरावर बर्चच्या सालींचे थर घालून त्यांवर गवताळ मातीच्या ढेपा पसरतात. अशा घरास उलट्या क्रमानें सोडवितां येतें. शेवाळें आणि साल तेवढी नवी घालावी लागते. विकलेलें किंवा वारशांत आलेलें घर उतरवून दुसरीकडे उभारण्याची रीत तेथें पूर्वापार होती. १८२७ च्या कायद्यानें तर हें काम हजारों कुटुंबांना भाग पाडलें. गांव मोडण्याला जें सुतारकाम उपयोगी पडलें, तेंच पुढें तें जतन करण्याला उपयोगी पडलें, यांत एक चमत्कारिक न्याय आहे.

१८९६ सालीं हालंड प्रांतांतून ओक्टोर्पचें सबंध शेतकरी-घर आलें. मध्यें चौक आणि चारी बाजूंस इमारती, अशी त्याची मांडणी असल्यामुळें मराठी माणसास तें क्षणभर ओळखीचें वाटावें. राहण्याचा भाग ठेंगणा, आणि त्याच्या दोन्ही अंगांस उंच कोठारें, जणूं दोन धिप्पाड भावांमध्यें एक बुटकी बहीण उभी आहे. या बुटक्या खोलीला वरचा मजला नाहीं. उजेड छपरांतल्या झरोक्यांतून खालीं उतरतो. सेग्लोरा गांवचें लांकडी चर्च १७३० च्या सुमारास बांधलेलें. गांवानें नवें चर्च बांधल्यावर जुनें ओस पडलें, आणि १९१६ ते १९१८ या काळांत तें स्कान्सेनवर आलें. तेथें आजही लग्नें लागतात. मोडकळीस आलेल्या वास्तूचें याहून चांगलें काय व्हावयाचें?

तरीही एक गोष्ट या टेकडीवर मिळत नाहीं, ती म्हणजे घराची जागा. चौकाचें तोंड कोणत्या वाऱ्याला पाठ देऊन होतें, विहीर किती पावलांवर होती, खिडकींतून कोणाचें शेत दिसे, या गोष्टी तुळयांवर क्रमांक घालून आणतां येत नाहींत. ओक्टोर्पच्या अंगणांतून हालंडची माळजमीन दिसत नाहीं. शेजारचें घर दिसतें, आणि तें शंभर कोसांवरून आलेलें असतें. १९६४ च्या व्हेनिस सनदेनें हीच गोष्ट तत्त्व म्हणून मांडली: वास्तु तिच्या इतिहासापासून आणि तिच्या भूमीपासून तोडूं नये, तिचें रक्षण करण्यास दुसरा उपाय नसेल तरच ती हलवावी. स्वीडनमध्यें या मताचें प्रत्यक्ष उदाहरणही आहे. हेल्सिंगलंड प्रांतांतील रंगविलेल्या दालनांचीं सात शेतकरी-घरें २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलीं, तीं आपापल्या शेतांत उभीं असतांनाच. त्याच प्रांतांतल्या डेल्सबोचें एक घर स्कान्सेनवर आहे. दोन्ही पाहिलीं म्हणजे मूळ जागेचें मोल कळतें. पण १८८५ सालीं मोराच्या घरापुढें निवड होती ती मूळ जागा कीं टेकडी अशी नव्हती. टेकडी कीं सरपण, अशी होती. हाझेलियसला दोष देणाऱ्यानें हें विसरूं नये.

दोष द्यावयाचाच तर तो दुसऱ्या जागीं द्यावा लागेल. स्कान्सेनवर आरंभापासून उत्तरेकडील सामी लोकांचा तळ मांडलेला होता, आणि त्यांत रेनडिअरांसह सामी कुटुंबें राहावयास ठेवलीं जात. शेतकऱ्याच्या घरांतील बाई ही पोषाख चढवून आलेली असे. सामी मात्र स्वतःच प्रदर्शनाची वस्तु झाला. तसेंच, गोळा करणाऱ्याची नजर स्वभावतः सुंदर वस्तूंकडे जाते. कोरीव पेट्या, रंगीत भिंती, नक्षीचे पलंग ज्यांच्याकडे होते ते जमीन असलेले शेतकरी. अमेरिकेस जे गेले त्यांत पुष्कळांजवळ यांतलें कांहीं नव्हतें.

हाझेलियस १९०१ सालीं वारला. त्याचें दफन स्कान्सेनवरच झालें, आणि ज्या घरांत त्याचा जन्म झाला तें घरही पुढें शहरांतून हलवून त्याच टेकडीवर आणण्यांत आलें. पोलिश, चेक आणि हंगेरियन भाषांत ‘स्कान्सेन’ हा शब्द आतां अशा कोणत्याही संग्रहालयाचें सामान्यनाम झाला आहे. नॉर्वेंत लिलेहामरच्या आन्डेर्स सान्दविग या दांतांच्या डॉक्टरनें आपल्या फिरतीवर जुन्या वस्तु आणि मग घरें जमविलीं. हॉलंडांत आर्नहेम, रुमानियांत बुखारेस्ट, वेल्समध्यें सेंट फॅगन्स अशीं गांवें पुढें वसलीं. भोपाळच्या श्यामला टेकडीवरील मानव-संग्रहालयानें निराळी वाट धरली. तेथें आदिवासी जमातींच्या लोकांनाच बोलावून, त्यांच्याच हातांनीं आणि त्यांच्याच पद्धतीनें घरें बांधवून घेतलीं.

स्कान्सेनवरील उणीव पुढच्या पिढ्यांनीं कांहींशी भरून काढली. सैनिकाची झोंपडी आली, आणि सोडेर्मान्लांड प्रांतांतून ‘स्टातारे’ लोकांची चाळ आली. स्टातारे म्हणजे मोठ्या जमीनदाराच्या शेतावरील विवाहित सालगडी. करार वर्षाचा, मजुरी बहुतांशीं धान्य, दूध आणि जळण या रूपानें. ऑक्टोबरच्या अखेरीस वर्ष संपे, आणि त्या एका मोकळ्या आठवड्यांत कुटुंबें आपलें सामान गाडींत भरून दुसऱ्या मालकाकडे जात. नवऱ्याच्या कराराबरोबर बायकोलाही पुष्कळदां मालकाच्या गायींचें दूध काढावें लागे, दिवसांतून दोन-तीन वेळां, सणाच्या दिवशींसुद्धां. इव्हार लू-युहान्सन हा लेखक अशाच कुटुंबांत १९०१ सालीं जन्मला आणि त्यानें या जीवनावर पुष्कळ लिहिलें. ही पद्धत १९४५ सालीं बंद झाली.

त्या चाळींत एका कुटुंबाच्या वाट्याला एक खोली आणि एक स्वयंपाकघर येई. भिंतींवर नक्षी नाहीं, कोरीव पेटी नाहीं. मोराच्या घरांत रेंगाळणारे प्रेक्षक येथें फार वेळ थांबत नाहींत. ती टेकडीवर उभी झाली तेव्हां अशाच खोल्यांत लहानाचीं मोठीं झालेलीं माणसें हयात होतीं, आणि इतरांप्रमाणें त्यांनाही ती दाराबाहेर उभें राहून पाहतां येत होती.