गाळणाची परीक्षा

रत्नागिरीकडे सोलकढीसाठी नारळाचे दूध फडक्यातून गाळतात. फडके कोठे विरलेले असले, तर दुधात थोडा चोथा उतरतो, तेवढेच नुकसान. पिण्याच्या पाण्याचे फडके विरलेले असले तर काय होईल? नारूच्या इतिहासात याचे उत्तर सापडते.

नारूच्या अळ्या पाण्यातील सायक्लॉप्स या जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीच्या जिवात वाढतात, हे रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को यांनी १८७० च्या सुमारास दाखविले. पुढे मुंबईत तुरखुड यांनी असे सायक्लॉप्स पोटात गेल्यास माणसाला नारू होतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. नारूवर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. पण सायक्लॉप्स अडविता येत होता.

भारतात १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बदलणे, पाण्यात टेमेफॉस टाकणे आणि पाणी गाळून पिणे हे त्यातले उपाय. गाळणाचे छिद्र ०.१५ मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे, अशी अट होती. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

येथे सरासरी कामाची नाही. हजार छिद्रे बारीक असली आणि एकच मोठे असले, तरी सायक्लॉप्सला तेवढे पुरे. विणलेल्या कापडात छिद्रे निदान ओळीने असतात. मास्कमधल्या नॉनवोव्हन कापडात मात्र तंतू कसेही पसरलेले असतात. म्हणून कारखान्यात त्याचे सारख्या आकाराचे अनेक तुकडे कापून वजनांतील फरक पाहतात आणि कापड उजेडासमोर धरून पातळ जागा शोधतात.

सर्वांत मोठे छिद्र शोधण्याची एक युक्ती वर्गातही करून पाहता येईल. नरसाळ्याच्या तोंडावर कापड ताणून बांधा, तोंड वर ठेवून कापडावर पाण्याचा पातळ थर द्या. नळीतून हळूहळू हवा फुंका आणि पाणी भरलेल्या यू-नळीने दाब मोजा. पृष्ठताणामुळे छिद्रातले पाणी हवेला अडविते. छिद्र जितके मोठे तितका कमी दाब पुरतो. त्यामुळे पहिला बुडबुडा सर्वांत मोठ्या छिद्रातून येतो. ०.१५ मिलिमीटरच्या छिद्राला पाण्याच्या सुमारे २० सेंटिमीटर उंचीइतका दाब लागतो, ०.३ च्या छिद्राला १० पुरतो.

नवे फडके आणि धुऊन विरलेले फडके, दोन्ही तपासून पाहा. कोणते पाणी प्यावे, हे विद्यार्थीच सांगतील.