झोपडी, कुत्रे आणि काळोख

चित्रपटाचे कथानक विसरले जाते, नटनटींची नावे ओठांवर येता येता अडखळतात. परंतु एखादे दृश्य मात्र मनात ठाण मांडून बसते. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांचे असेच झाले. घोडदौड, हाणामारी आणि साहस यांनी भरलेले चित्रपट काढणारे हे गृहस्थ. पण बाबूराव पेंटरांविषयी लिहिताना त्यांना आठवली ती 'सावकारी पाश' या बोलपटातील एक झोपडी. दूर अंतरावरून टिपलेली, काळोखात बुडालेली, उदास झोपडी, आणि त्या काळोखात एका कुत्र्याचे रडणे. एवढेच ते दृश्य. ते आठवले की आपली जणू समाधी लागते, अशा अर्थाचे वाडियांनी लिहून ठेवले आहे.

पेंटरांनी 'सावकारी पाश' दोनदा काढला. १९२५ साली मूक आणि १९३६ साली बोलका. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीचा मजूर होतो, ही त्याची कथा. देवादिकांचे चमत्कार आणि राजेरजवाड्यांचा थाट पडद्यावर गाजत असताना पेंटरांनी कर्जबाजारी कुणब्याकडे कॅमेरा वळवला, हेच मोठे धाडस. मूकपटातील त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांतारामांनी केली होती.

बाबूराव मूळचे कोल्हापूरचे मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. स्वतः खटपट करून त्यांनी कॅमेराही तयार केला. पडदे रंगवणाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते: कोठे रंग भरावा याइतकेच कोठे भरू नये, याला महत्त्व आहे. झोपडीच्या दृश्यात त्यांनी प्रकाश जवळजवळ भरलाच नाही. आणि ध्वनी? बोलपट आल्यावर पात्रे अखंड बोलू लागली, गाऊ लागली, एकेका चित्रपटात गाण्यांची रास पडू लागली. पेंटरांच्या हाती तोच ध्वनी आला आणि त्या प्रसंगी त्यांनी एक कुत्रे रडवले. दारिद्र्यावरची दहा भाषणेही त्या रडण्याची बरोबरी करती ना.

शांताराम, विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे तिघेही पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. १९२९ साली धायबर आणि कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना केली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. गुरूची नजर शिष्यांबरोबर तेथे आली, असे म्हणण्यास आधार आहे. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) पुष्पक विमान आहे, गरुड आहे, वैकुंठ आहे. विष्णुपंत पागनिसांची तल्लीन मुद्रा तर अविस्मरणीयच. तरी पुष्कळ रसिकांना प्रथम आठवते ती जिजाई. पोर आजारी आहे, घरात दाणा नाही, नवरा भजनात दंग. ती पोराला फरफटत देवळात नेते आणि पायताण हाती घेऊन विठोबालाच जाब विचारते. ही भूमिका करणाऱ्या गौरी या आधी 'प्रभात'मध्येच साधी कामे करीत असत, असे सांगतात. देवाशी भांडणाऱ्या या बाईत अश्रद्धा नावालाही नाही. ज्याचे कान बंद आहेत असे वाटते, त्याच्यापुढे कोण एवढे ओरडेल? १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तेथील प्रेक्षकांना मराठी कळत नव्हते; पायताण कळले असावे.

शांतारामांचा 'कुंकू' १९३७ चा. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. फसवून वृद्धाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला पती मानावयास नकार देते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब. या चित्रपटास पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. त्यामुळे भिंतीवरचे जुने घड्याळ केवळ वेळ सांगत नाही, घरधन्याचे वय सांगते. आणि फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांतून काकासाहेबांना स्वतःचाच चेहरा हसताना दिसतो, तेव्हा नीरेने केलेले सारे आरोप त्यांच्यापुरते सिद्ध होतात. खलपुरुष मानलेल्या म्हाताऱ्याची कीव येऊ लागते ती त्या क्षणी.

'कुंकू' आणि 'तुकाराम' आजही पाहता येतात. १९२५ चा 'सावकारी पाश' मात्र नाहीसा झाला. मूकपटांची फीत नायट्रेटची. ती चटकन पेट घेई, उन्हाळ्या-पावसाळ्यात सडे, आणि जुनी रिळे वितळवून त्यांतील चांदी काढण्याचाही धंदा चाले. पुण्यात प्रभातनगरीच्या जागेवर उभ्या असलेल्या संस्थेच्या भांडारास २००३ साली आग लागली, तीत आणखी कित्येक जुन्या फिती गेल्या. वाडियांसारख्यांनी लिहून ठेवले नसते, तर पेंटरांच्या कलेची साक्ष कोणी द्यावयाची?

दादासाहेब फाळके या बाबतीत थोडे सुदैवी. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या माणसाने १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. डोळ्यांपुढून येशूचे जीवन सरकत असताना त्यांना गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली, हे त्यांनी स्वतःच 'नवयुग' मासिकात लिहिले आहे. एका धर्माची कथा पाहताना दुसऱ्या धर्माची कथा सुचावी, हा योग लक्षात ठेवण्याजोगा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची १९६४ साली स्थापना झाल्यावर पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे मिळवून जपली. त्यांत १९१९ चा 'कालिया मर्दन' आहे. त्याच्या आरंभी कृष्णही नाही आणि नागही नाही. फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर बसली आहे, आणि एकामागून एक भाव तिच्या चेहऱ्यावर उमटतात, पालटतात. पाहता पाहता त्याच पोरीचा कृष्ण होतो आणि मग कथेस प्रारंभ होतो.