हवेचे वजन

निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, ही समजूत युरोपातील विद्वानांत शतकानुशतके मान्यता पावलेली होती. पंपाचा दट्ट्या वर ओढला की पाणी त्यामागून का चढते, असे विचारणाऱ्यास हेच उत्तर मिळे. परंतु पंप बसविणाऱ्या कारागिरांचा अनुभव निराळा होता. सुमारे दहा मीटरांच्या वर पाणी काही केल्या येत नसे. मग निसर्गाचा तिटकारा दहा मीटरांवर संपतो की काय? १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गॅलिलिओने या अडचणीची दखल घेतली. पण लांब दोर स्वतःच्या भाराने तुटावा तसा पाण्याचा स्तंभही तुटत असावा, असा त्याचा तर्क होता.

गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिचेल्लीने प्रश्नच उलटा मांडला. पाण्याला वरून कोणी ओढीत नाही. बाहेरच्या हवेचा भारच त्याला नळीत ढकलतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून अधिक जड, तेव्हा तो त्याच मानाने कमी चढला पाहिजे. १६४४ च्या सुमारास त्याचा सहकारी विव्हियानी याने पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरून पाहिली. पारा सुमारे ७६ सेंटिमीटरांवर थांबला.

येथे बल आणि दाब यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. एकूण रेटा म्हणजे बल; तो दर चौरस सेंटिमीटरावर किती पडतो, हा हिशेब म्हणजे दाब. रुंद नळीतील पारा वजनाने अधिक खरा, पण ते वजन अधिक जागेवर वाटले जाते. म्हणून नळी रुंद असो वा अरुंद, पाऱ्याची उंची तीच राहते. हवेचा हा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका आहे. आपण त्याखाली चिरडत नाही, कारण शरीरातूनही तितकाच दाब उलट बाहेर रेटीत असतो.

तरी शंका उरलीच. ती फेडण्याची युक्ती पास्कलने काढली. हवेचा भार हेच कारण असेल, तर पर्वतावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून पाराही खाली उतरला पाहिजे. पास्कल पॅरिसमध्ये, प्रकृतीने नाजूक. त्याने आपला मेहुणा पेरिए यास क्लेरमाँ येथे पत्र लिहिले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए गावातील काही प्रतिष्ठितांसह प्युई द दोम हा पर्वत चढला. शिखरावर त्याने जागा पालटून पाच वेळा मोजणी केली. पारा आठ सेंटिमीटरांहून अधिक उतरला होता.

आम्हांस मात्र विशेष मोल वाटते ते पायथ्याशी, मठाच्या बागेत ठेवलेल्या दुसऱ्या नळीचे. एक धर्मगुरू दिवसभर तिच्यावर नजर ठेवून होता आणि तिच्यातील पारा जागचा हलला नाही. ती नळी नसती, तर हवामान पालटले म्हणून पारा उतरला, असे कोणीही म्हणू शकला असता. टॉरिचेल्ली हे पाहण्यास उरला नव्हता. आदल्याच वर्षी, ३९ व्या वर्षी, तो वारला होता. दाबाच्या एककास १९७१ साली पास्कलचे नाव मिळाले. पण आपल्या मतावर येऊ शकणारा आक्षेप आपणच आधी शोधावा व त्याच्यासाठी एक नळी वेगळी राखावी, हा धडा आम्हांस त्या नावाहूनही मोठा वाटतो.